ओरखड्याचा भाव

वापरलेली महागडी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली की जाहिरातीत एक वाक्य हटकून येतं: ‘फारशी वाजवलेली नाही.’ हे वाक्य लोक अभिमानाने लिहितात, याचा मला राग येतो. तंबोऱ्याबद्दल आपण असं कधी बोलतो का? मिरजेचा जुना तंबोरा घेताना तो कुणाच्या मैफलीत वाजला हे आधी विचारतो. जवारी बिघडली असेल तर नव्याने काढून घेतो. वाद्य वाजून वाजून बोलकं होतं ही आपलीच समजूत. ती गिटारपाशी येऊन का अडते?

इथे झाशीत आमच्या शेजारच्या एका तरुणाने आपली गिब्सन लेस पॉल विकायला काढली. दहा वर्षं लग्नांत, कॉलेजच्या संमेलनांत, गणेशोत्सवात वाजलेली. दिल्लीच्या व्यापाऱ्याने फोटो मागवले. हात टेकतो तिथलं उडालेलं लॅकर आणि पाठीवरचे बकलाचे ओरखडे मोजून त्याने किंमत तिसऱ्या हिश्श्याने पाडली. फ्रेट झिजले असतील तर ते बदलण्याचा खर्च जरूर कापावा. नेकला तडा असेल तर विकणाऱ्याने तो न विचारता सांगावा. पण बकलाच्या ओरखड्याने सूर बिघडत नाही. मग हे पैसे कशाचे कापले?

व्यापारी म्हणेल, गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. ते खरं नाही. फेंडर कंपनी १९९५पासून ‘रेलिक’ गिटारी विकते आहे. कोऱ्या गिटारचा रंग कारखान्यातच खरवडायचा, धातूला मुद्दाम जुनेपण आणायचं आणि त्याचे वर जास्त पैसे घ्यायचे. २०१९ साली डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकॅस्टर न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तिचा नेक अनेकदा बदललेला, लाकूड कोरून पुन्हा भरलेलं. म्हणजे नामवंताची झीज हा वारसा, कारखान्यातली झीज ही शोभा आणि झाशीच्या पोराची झीज तेवढी खोट!

अनुवादाच्या धंद्यात हा न्याय मला रोज भेटतो. झाशीचा वेढा शहरात राहून पाहिलेल्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापला, तो मजकुरात फेरफार करून. गोडशांची मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी छापेपर्यंत १९६६ उजाडलं. साध्या माणसाच्या हाताच्या खुणा पुसल्याशिवाय त्याची वस्तू चारचौघांत न्यायची नाही, ही खोड जुनी आहे.

म्हणून विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ‘फारशी वाजवलेली नाही’ हे लिहू नका. कधी घेतली, कुठे वाजवली, काय दुरुस्त केलं, कुठले फ्रेट झिजलेत, हे लिहा. दुरुस्तीचा खर्च स्वतःच किमतीतून वजा करा, म्हणजे घासाघीस करायला जागा उरणार नाही. आणि तरीही कुणी ओरखडा दाखवून भाव पाडू लागला, तर तोच ओरखडा कारखान्यातून पाडून घ्यायला किती जास्त पडतात, एवढं त्याला विचारा.