शिळं कुणाच्या ताटात?

शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात. पण शिळ्या कढीचा प्रश्न आपण मुळात धड चुलीवर ठेवलाच नाही. घरकामाचं मोल काय, स्वयंपाकाच्या पाळ्या का लावू नयेत, पुरुषांनी भाकरी थापली तर काय बिघडलं, यावर आपण शिबिरांतून पुष्कळ बोललो. रात्री दहाला पातेल्याच्या तळाशी जे उरतं आणि सकाळी गुपचूप कुणाच्या तरी पोटात जातं, त्याबद्दल मात्र गप्प राहिलो. आपल्याही पोटात तेच जात असतं, म्हणून असेल.

मी कोयनानगरला राहते. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, भात रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी आंबूस वास मारतो. नाचणीची भाकरी एरवी दुसऱ्या दिवशी नुसती कडक होते, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून इथल्या बाईला उरलेल्याचा फैसला रात्रीच करावा लागतो. टाकवत नाही, ठेवता येत नाही. मग ती खाऊन टाकते. पोट भरलेलं असलं तरी.

आमच्या गटाच्या एका बैठकीत आम्ही साधा प्रश्न विचारला : काल रात्री तुमच्या घरात शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय होतं? ‘कोण’ हा शब्द विचारताना होता, उत्तरांत तो ‘मी’च झाला. ताटात सकाळची भाकरी, तळाची आमटी, भाजीतला रस. एकजण म्हणाली, “त्यास्नी शिळं बाधतं.” शेजारचीनं विचारलं, “आन् तुला?” ती हसून म्हणाली, “मला काय हुतंय!” सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण ‘मला काय होतंय’ हे वाक्य आपण फार लहानपणी शिकतो, आणि ते शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

गीतेनं शिळं अन्न तामसी लोकांच्या आवडीचं ठरवलं आहे. म्हणजे घरातली सगळ्यांत तामसी व्यक्ती कोण, हे आपोआप ठरलं! विनोद बाजूला ठेवू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच, सगळा दोष शिळ्या भाकरीवर घालायचा नाही. शिळी भाकरी वाईट नसतेच. वाईट हे, की उसळीतले दाणे वाढता वाढता संपतात आणि बाईच्या वाटीत रस येतो. शिळ्याबरोबर तिला उणंही मिळतं.

मग शिळं फेकायचं का? मुळीच नाही. एवढं महाग धान्य, एवढे श्रम. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा हिशेब सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हा आकडा आला की लगेच उपदेश सुरू होतो, आणि तो गृहिणीला : नीट मोजून रांधा, उरलेल्याच्या पाककृती शिका, सुगरण व्हा. घरातल्या बाकीच्यांना कुणी म्हणत नाही की बाबा, वेळेवर जेवायला ये, नाहीतर नाही येणार म्हणून आधी सांग. माझ्या मते घरातलं निम्मं शिळं या न सांगण्यातून तयार होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : उरलेलं सगळ्यांचं आहे, तर ते सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी यावं. बाईनं तिच्यापुरतं ‘मुरवून’ टाकायची वस्तू म्हणून नव्हे, घराचं रीतसर रात्रीचं जेवण म्हणून. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा हेच होतं. कॅसरोल म्हटलं की आपल्याला पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. परदेशात त्याच नावाचा पदार्थ आहे, एका भांड्यात थर देऊन मंद शिजवलेला, पुष्कळदा उरल्यासुरल्याचाच. आमच्या पदार्थाला नावच नाही. कुणी कुस्करा म्हणतं, कुणी नुसतं ‘कालचं’.

जाड बुडाची कढई घ्या. तेलावर मोहरी, लसूण, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद, तिखट. त्यातली निम्मी फोडणी वाटीत काढून ठेवायची. कढईत शिळ्या पोळ्यांचे किंवा भाकरीचे तुकडे पसरा. भाकरी कडक असेल तर ताकाचा हबका मारा. त्यावर उरलेलं कोरड्यास किंवा उसळ. त्यावर भात मोकळा करून. मग पुन्हा तुकडे, त्यावर काढलेली फोडणी, मूठभर दाण्याचं कूट आणि सगळं भिजेल इतपत आमटी. चालत असेल त्यांनी दोन अंडी फोडून घालावीत. झाकणावर पाणी ठेवून पंधरा-वीस मिनिटं अगदी मंद आच. तळाला जी खरपूस खरवड धरते तिच्यासाठी पोरं भांडतात. ती खरवडही वाटून द्यायची, ‘आईला आवडत नाही’ असं परस्पर ठरवून टाकायचं नाही.

भाताचं मात्र सांभाळा. शिजलेला भात उबेला राहिला की त्यात होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जायला हवा; फ्रिज नसेल तर पावसाळ्यात भात वगळा, भाकरीवर भागवा. बुरशी दिसली, वास आला, तार सुटली, तर टाकून द्या आणि जिवाला लावून घेऊ नका. बाईचं पोट म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हे.

यात सरपणही वाचतं. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट. तरी खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर पुष्कळ घरांत अजून चूल पेटते. १९८५ पासून अभयारण्य आणि २०१० पासून व्याघ्र प्रकल्प आल्यावर काटक्या गोळा करणंही सोपं राहिलं नाही. तीन पातेली वेगवेगळी गरम करण्यापेक्षा एक कढई बरी.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. शिळं सगळ्यांना सारखं नसतं. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे मागून खाणं सोडा असं सांगितलं, ते पोटाच्या नव्हे, माणूसपणाच्या हिशेबानं. ज्यांच्या आज्यांनी दारोदार तुकडे मागितले त्या मैत्रिणीला ‘शिळ्यात किती गोडी असते’ हे मी कौतुकानं सांगू लागले, तर तिला राग येणं रास्त आहे. स्वतःच्या घरचं उरलेलं आपण सगळ्यांनी मिळून खाणं वेगळं आणि आपल्याला नको ते दुसरीच्या ओंजळीत टाकणं वेगळं. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला कालची भाजी ‘देऊन टाकताना’ आपण नेमकं काय करतो? मदत म्हणत असू, तर ताजी का देत नाही?

आमच्यातल्या काहीजणींना हा सगळा विषय किरकोळ वाटतो. पुनर्वसनाची जमीन मिळाली नाही, दारूचे गुत्ते बंद होत नाहीत, आणि ही बाई कढई घेऊन बसली! त्यांना माझं उत्तर असं की, २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात गेले आणि ते करणाऱ्या पुरुषाचे ८८. जमिनीच्या मोर्चाला निघताना बाई मागे वळून बघते, ती याच २८९ मिनिटांकडे.

पुढच्या बैठकीपर्यंत आमच्या गटानं ठरवलंय : सात दिवस रोज रात्री, उरलेल्याचं काय करायचं हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं आणि तेच भांडं घासायचं. शेवटी कोण जेवलं तेही लिहून ठेवायचं. तुमच्या गटात करून बघा. नवऱ्यानं, मुलानं किंवा सासूनं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत, पुढच्या अंकासाठी पाठवा.