पाठ केलेलं भाषण

वक्तृत्व स्पर्धेत माझे पाय लटपटायचे. घरची दखनी मध्येच तोंडातून निसटेल, ही धास्ती. म्हणून भाषण घोकायचो. एक शब्द विसरला की पुढचं सगळं गायब.

सातारा-सांगलीकडं या स्पर्धांचं कौतुक फार. पण शुद्ध उच्चारांना गुण देऊन आपण शिकवतो काय? येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील सभेत गावरान बोलीतच बोलत. माणसं ऐकत, पटलं की १९४२च्या लढ्यात उतरत. १९५७ला ते लोकसभेत गेले. आजच्या परीक्षकांनी त्यांचे उच्चाराचे गुण नक्की कापले असते!

पोरांना आधी आपल्या बोलीत मुद्दा पटवू द्या, व्याकरण मागून येईल. आणि बक्षीस देताना 'मुस्लिम असून मराठी छान बोलतोस' एवढं तरी म्हणू नका.