चाळीस गुणांचा हिशेब

लाइनमन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं विजेच्या खांबावर चढलेला माणूस येतो. अमेरिकन फुटबॉलात लाइनमन म्हणजे पहिल्या फळीत वाकून उभा राहणारा. चेंडू त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. समोरच्याला अंगानं रेटायचं, भगदाड पाडायचं, आणि त्यातून दुसऱ्यानं पळायचं. गुण पळणाऱ्याच्या नावावर. मार याच्या अंगावर.

मी बोलतोय ड्यूक स्लेटरबद्दल. जन्म १८९८. काळा. बाप चर्चमधला धर्मोपदेशक. शाळेत खेळायचं तर बूट आणि शिरस्त्राण पदरच्या पैशानं घ्यायचं. दोन्ही परवडेना. पोरानं बूट घेतले. उघड्या डोक्यानं खेळायची सवय कॉलेजातही सुटली नाही. १९२२ ते १९३१, दहा मोसम तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. तिथला पहिला काळा लाइनमन. खेळता खेळताच १९२८ साली आयोवा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली.

२८ नोव्हेंबर १९२९. शिकागो कार्डिनल्स ४०, शिकागो बेअर्स ६. चाळीसच्या चाळीस गुण एर्नी नेव्हर्सचे. एका सामन्यातला हा विक्रम अजून कुणी मोडला नाही. नेव्हर्स मोठाच खेळाडू, माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण हिशेब लिहिणाऱ्याशी आहे. एकटा कुणी पळतो काय? पुढं वाट पाडणाऱ्यांत स्लेटर होता, त्या साली अख्ख्या लीगमधला एकमेव काळा. भगदाडाला गुण नसतो, म्हणून वहीत त्याची नोंद नाही.

नेव्हर्स १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. स्लेटर २०२० साली. तो १९६६ लाच मेला होता. आणि आता म्हणतात, उशिरा का होईना, न्याय झाला. डोंबलाचा न्याय!

दुसरे शहाणे म्हणतात, त्याला खेळू दिलं की! म्हणजे भेद कुठं होता? होता, बाबांनो. १९२४ साली कॅन्सस सिटीत काळ्याला मैदानावर उतरू द्यायचं नाही म्हणून त्याला बाहेर बसवलं. त्याचा संघ तो सामना हरला. हरणं चाललं, काळा चालला नाही. पुढं १९३४ ते १९४५ लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. एकाला आत घेतलं म्हणजे दार उघडलं असं होत नाही. कडी त्यांच्याच हातात होती.

शेवटी न्यायाधीश झाला ना, असंही कुणी म्हणेल. झाला. १९४८ साली शिकागोच्या लोकांनी मतं देऊन त्याला निवडून दिलं. लीगच्या मालकांनी नव्हे.

१९७२ साली आपल्या चळवळीनं तिथल्या काळ्या पँथरचं नाव घेतलं. त्यांच्या वळलेल्या मुठी आपल्याला पाठ आहेत. दोस्तांनो, ही वाकलेली पाठही ध्यानात ठेवा. कुणी विक्रमाची वही पुढं केली, तर आधी विचारा: वाट कुणी पाडली, त्याचं नाव कुठाय?