थ्रेड : कीटकनाशकाच्या बाटलीवरील रंगीत त्रिकोणाचा इतिहास

धुळे-जळगाव पट्ट्यात कपाशीवर 'औषध मारणे' सुरू झाले की बांधावर रिकाम्या बाटल्या दिसू लागतात. (विषाला औषध म्हणण्याची रीत साऱ्या महाराष्ट्राचीच.) प्रत्येक बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनी तो सक्तीचा केला. त्यामागचे गणित मात्र जुने आहे आणि ते फवारणाऱ्या मजुरासाठी मांडलेले नव्हते.

पूर्वी विषाची तीव्रता 'किमान घातक मात्रे'ने सांगत. ही मात्रा दर प्रयोगात बदले, कारण एकाच जातीच्या प्राण्यांतही कुणी लवकर दगावतो, कुणी तग धरतो. १९२७ मध्ये इंग्लंडमधील जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी सुचवले की निम्मे प्राणी मरतील ती मात्रा मोजावी. हीच एलडी-५०. निम्मेच का? मात्रा आणि मृत्यू यांचा वक्र मध्यावर सर्वांत उभा चढतो, म्हणून तेथे मोजमापातील चूक सर्वांत कमी राहते. तीव्र औषधांचे प्रमाणीकरण करण्यासाठी ही निवड चोख होती. १९३४ मध्ये अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ चेस्टर ब्लिस यांनी 'प्रॉबिट' पद्धतीने त्या वक्राची सरळ रेषा केली. डेव्हिड फिनी यांच्या १९४७ च्या ग्रंथाने ती रुळवली.

रेषेला स्थान असते तसा उतारही असतो. त्रिकोणात केवळ स्थान उरले.

समजा, दोन विषांची तोंडावाटे एलडी-५० किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. दोन्ही पिवळ्या गटात (५१ ते ५००) बसतात. एकाचा प्रॉबिट उतार ८, दुसऱ्याचा २. शंभरांतील एक जीव घेण्यास पहिल्याला सुमारे ५१ मिलिग्रॅम लागतात, दुसऱ्याला जेमतेम ७. रंग तोच! निम्मे केव्हा मरतील, हे जाणून मजुराला काय करायचे? पहिला केव्हा कोसळेल, हे त्याला हवे असते.

शिवाय प्रयोगशाळेत मात्रा एकदाच दिली जाते. शेतात पंप गळतो, कपडे भिजतात, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जातात आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. नियमांनी कातडीवाटेची एलडी-५०ही विचारात घेतली, हे खरे. पण तोही मध्यावरचाच आकडा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा बरीच चर्चा हातमोजे आणि मास्क यांभोवतीच फिरली. त्रिकोणाला कुणी फारसे जाब विचारले नाहीत.

वक्राच्या टोकाकडील अंदाज डळमळीत असतो, हा संख्याशास्त्राचा आक्षेप रास्त आहे. तर मग रंग ठरवताना त्या डळमळीत अंदाजाची खालची मर्यादा धरावी. आज त्या अनिश्चिततेचा सारा भार पाठीवर पंप घेतलेला माणूस वाहतो आहे.