कोंबड्या मोकळ्या की कोंडलेल्या?

कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात की कोंडाव्यात, यावरून घरोघरी वाद होतात. माझे मत असे की, दिवसा मोकळ्या आणि रात्री बंद.

मोकळी कोंबडी उकिरडा उकरते, वाळवी, किडे, गवत खाते. दाण्याचा खर्च वाचतो. हिरवा पाला खाल्ला की अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. ती धुळीत लोळते ते उगीच नाही, अंगावरच्या उवा जातात. दिवसभर डालग्याखाली कोंडल्या तर कोंबड्या एकमेकींनाच टोचतात.

काहीजण म्हणतात, मोकळी कोंबडी शेजारची मेथी उकरते. खरे आहे. मग ज्याची कोंबडी त्याने वाफ्याला कुंपण घालून द्यावे.

पण रात्रीचे काय? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आरेचे आदिवासी पाडे आहेत. तिथे कोंबड्या पाळतात आणि बिबट्याही फिरतो. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती पळणार कुठे? २१ दिवस बसून ती पिल्ले काढते, रानमांजर एका रात्रीत सगळी फस्त करते. म्हणून खुराड्याला दार आणि कडी हवीच.

साथ आली तर मात्र दिवसाही कोंडाव्यात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा पुष्कळ कोंबड्या माराव्या लागल्या.

पालकांना विनंती, खुराडे ऐसपैस करा. संध्याकाळी कडी लावायचे काम आम्हा मुलांना द्या. आम्ही विसरणार नाही.