कंदिलात आपली चाल

बुद्ध पौर्णिमेला आमच्या चाळीत दारोदारी कंदील लागतात. मागच्या साली आम्ही बाजारातून वाजणारा कंदील आणला. हौसेने बटण दाबले, तर आत नाताळची चाल! शेजारीपाजारी हसले. आमची नववीतली मुलगी मात्र गप्प झाली. रात्री म्हणाली, "पप्पा, याच्यात आपली चाल का नाही?"

कंदील उघडला. आत तीन पायांची, ट्रान्झिस्टरएवढी आयसी. तिच्यात चाल कारखान्यातच भरलेली असते, बदलता येत नाही. "मग आपणच भरू," मुलगी म्हणाली.

यंदा बाईंना विचारून तिने शाळेतला आर्डुइनो बोर्ड आणला. बजर आम्ही आणला आणि पैसे वाया घालवले. बजर दोन जातींचे असतात. ॲक्टिव्ह बजर वीज मिळताच एकाच सुरात ओरडतो. चालीसाठी पॅसिव्ह पिझो बजर हवा. दुकानातच दोन सेल लावून बघा. सलग वाजला तर ॲक्टिव्ह, नुसते टक् झाले तर पॅसिव्ह.

जोडणी सोपी आहे. बजरचा एक पाय 100 ओहमच्या रेझिस्टरमधून 8 नंबरच्या पिनला, दुसरा ग्राउंडला. बोर्डाला मोबाइलचा चार्जर पुरतो. दिव्याच्या वायरींपासून बोर्ड लांब ठेवा.

सूर म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. पांढरी एक सा धरला तर आकडे असे: सा 262, रे 294, ग 330, म 349, प 392, ध 440, नी 494, वरचा सा 523. कोणता सूर किती वेळ वाजवायचा, एवढेच प्रोग्राममध्ये लिहायचे. गायन पार्टीच्या पेटीवाल्या काकांनी एका गाण्याचे सूर सांगितले, मुलीने आकडे मांडले.

तरी चाल ओळखू येईना. एकच सूर दोनदा आला की दोन्ही मिळून एक लांब सूर होई. मध्ये 50 मिलीसेकंदांची विश्रांती टाकली आणि जमले. आतून आजी गुणगुणत बाहेर आली. चाल कोणती, हे तिला सांगावे लागले नाही.

वाचकहो, मुलांनी बिघडलेली वस्तू उघडली तर रागावू नका, शेजारी बसा. आम्हीही बसूनच शिकलो. जयभीम!