'सायलेंट हिल २'चा जेम्स गुन्हेगार आहे, तरी तो प्लेयर्सना 'आपला' का वाटतो?

(सूचना: या लेखात गेमचा शेवट उघड केला आहे. आत्महत्या आणि लैंगिक अत्याचार यांचा उल्लेखही आहे.)

धुक्यात बुडालेलं एक अमेरिकन गाव. तिथे एक माणूस बायकोला शोधत येतो. ती तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली, असं तो सांगतो. पण तिच्या नावाने एक पत्र आलंय आणि दोघांच्या आवडत्या जागी ती त्याची वाट पाहतेय, असं त्यात लिहिलंय.

'सायलेंट हिल २' या जपानी हॉरर गेमची ही सुरुवात. २००१ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर आला. पोलंडच्या ब्लूबर टीम या स्टुडिओने त्याचा रिमेक केला आणि तो ८ ऑक्टोबर २०२४ ला रिलीज झाला. काही दिवसांतच विक्री १० लाखांवर गेल्याचं कोनामी कंपनीने जाहीर केलं. २०२६ च्या जानेवारीत याच कथेवरचा 'रिटर्न टू सायलेंट हिल' हा सिनेमाही आला.

त्यामुळे मूळ गेम आला तेव्हा जन्मलेही नव्हते, असे प्लेयर्सही आता जेम्स संडरलँडला भेटतायत. सोशल मीडियावर 'लिटरली मी', म्हणजे 'हा तर मीच' हे मीम तुम्ही पाहिलं असेल. जोकर किंवा 'अमेरिकन सायको'तला पॅट्रिक बेटमन अशा पात्रांचे फोटो त्यात फिरतात. जेम्सला असं जवळचं मानणारेही बरेच आहेत.

अडचण एकच आहे. जेम्सने आपल्या बायकोचा खून केलाय.

जेम्सने नक्की काय केलं?

गेमच्या शेवटाकडे हॉटेलच्या ३१२ नंबरच्या खोलीत जेम्स एक व्हिडिओ टेप पाहतो आणि खरं बाहेर येतं. मेरी आजारपणामुळे गेलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या मेरीच्या तोंडावर उशी दाबून जेम्सनेच तिला मारलंय. नंतर त्याने ही आठवण मनात इतकी खोल पुरली, की तो स्वतःच तिला शोधायला निघाला.

इथपर्यंत यायला प्लेयरचे कित्येक तास गेलेले असतात. एवढा वेळ तो जेम्सला चालवत असतो, त्याच्यासाठी औषधं शोधत असतो, त्याला राक्षसांपासून वाचवत असतो. सिनेमातल्या खुन्याकडे आपण लांबून बघतो. इथे मात्र हातात काठी घेऊन पळणारा माणूस आणि कंट्रोलर धरलेला माणूस यांच्यातलं अंतर कमी होतं. माध्यमांचे अभ्यासक याला 'आयडेंटिफिकेशन' म्हणतात. एखादं पात्र आवडणं वेगळं आणि काही काळ त्याच्या नजरेतून जग बघणं वेगळं.

म्हणूनच टेप संपल्यावर अनेकांना राग येण्याआधी वाईट वाटतं.

ही ओळख कुठून येते?

जेम्समध्ये प्लेयर्सना जे ओळखीचं वाटतं, ते बहुतेक वेळा खुनाच्या आधीचं असतं. लांबलेलं आजारपण मेरीचा स्वभाव बदलून टाकतं. ती जेम्सवर ओरडते, त्याला हाकलते आणि पुढच्याच क्षणी जाऊ नकोस म्हणून विनवते. जेम्सचं आयुष्य एका खोलीपुरतं उरतं.

घरात वर्षानुवर्षं कुणाचं आजारपण काढलेल्या माणसाला यातला थकवा समजावून सांगावा लागत नाही. हा थकवा मोजण्याची पद्धतही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली मांडली. तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आजही वापरली जाते. रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपलं आयुष्य हातातून सुटल्यासारखं वाटतं का, ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवावीशी वाटते का, असं त्यात थेट विचारलं जातं.

हे प्रश्न त्यात आहेत, कारण असं वाटणं सर्रास घडतं. आणि असं वाटल्याने कुणी खुनी होत नाही.

मग गेम जेम्सला माफ करतो का?

या प्रश्नाचं उत्तर गेम प्लेयरवर सोपवतो, तेही न सांगता. मूळ गेममध्ये शेवट कोणता येणार, हे कुठलंही बटण दाबून ठरत नाही. तुम्ही जेम्सला कसं वागवता, यावर गेमचं लक्ष असतं. जखमी जेम्सला तसंच फिरवलं, अँजेला नावाच्या तरुणीने दिलेला सुरा पुन्हा पुन्हा बघितला, तर गेम समजतो की या माणसाला जगायचं नाही. मेरीचा फोटो आणि पत्र उघडून बघितलं, शेवटच्या कॉरिडॉरमधलं तिचं बोलणं थांबून पूर्ण ऐकलं, तर गणित वेगळ्या दिशेने जातं.

मेरीसारखीच दिसणारी मारिया वाटेत भेटते. सतत तिच्या जवळ राहिलं, तर शेवटी जेम्स तिच्यासोबत निघतो. पण जाताजाता मारियाला खोकला येतो. ज्याने खरं टाळलं, त्याच्या वाट्याला तीच गोष्ट पुन्हा येणार, हे एवढ्याशा खोकल्यातून कळतं.

'लीव्ह' नावाच्या शेवटात जेम्स आधी म्हणतो, की मेरीचे हाल बघवत नव्हते म्हणून मारलं. मग स्वतःच थांबतो आणि कबूल करतो, की तिचा तिरस्कारही वाटत होता, आपलं आयुष्य परत हवं होतं. त्या कबुलीनंतरच तो गावाबाहेर पडतो. शिक्षा झाली का, यापेक्षा तो खरं बोलला का, हे इथे महत्त्वाचं ठरतं.

अँजेला आणि एडी कशासाठी आहेत?

हे गाव प्रत्येकाला वेगळं दिसतं. आयुष्यभर चेष्टा सोसलेला एडी सुरुवातीला बिचारा वाटतो. पण पुढे हसणाऱ्या प्रत्येकाला संपवणं त्याला योग्य वाटू लागतं. 'मला त्रास झाला' इथून 'म्हणून मी केलं ते बरोबर' इथपर्यंतचा हा प्रवास आहे.

अँजेलावर तिच्या वडिलांनीच अत्याचार केलेत. शेवटच्या भेटीत ती आगीने वेढलेल्या जिन्यावर उभी असते. जेम्सला ती आग पहिल्यांदाच दिसते, अँजेलाला मात्र कायम असंच दिसत आलंय. आणि मेरीची छोटी मैत्रीण लॉरा? तिच्या मनावर कसलंच ओझं नाही, म्हणून तिला राक्षस दिसतच नाहीत.

रिमेकचे ट्रेलर आले तेव्हा सोशल मीडियावर अँजेलाच्या बदललेल्या चेहऱ्यावरून बराच वाद झाला. ती पुरेशी सुंदर दिसत नाही, अशा तक्रारी झाल्या. खून केलेल्या पुरुषाचं मन समजून घ्यायला अनेकजण तयार होते आणि अत्याचार सोसलेल्या मुलीचं मात्र दिसणं मोजलं जात होतं. सहानुभूती कुणाला पटकन मिळते, हे यातून दिसतं.

'हा तर मीच' म्हणण्यात चूक काय?

म्हणण्यात चूक नाही. सदोष पात्रात स्वतःला बघता येणं ही गोष्टीची ताकदच आहे. जे घरात, मित्रांत बोलता येत नाही, ते एखाद्या पात्राच्या आडून बोलता येतं. 'मलाही राग यायचा' हे कबूल करायला जेम्स मदत करत असेल, तर ते चांगलंच आहे.

अडचण 'मीच' या शब्दात आहे. त्यात जेम्सचा थकवा आणि जेम्सचा गुन्हा एकाच पिशवीत भरले जातात आणि मेरी गोष्टीतून गायब होते. तीही माणूस होती, मरणाला घाबरत होती. शेवटी तिचं पूर्ण पत्र ऐकू येतं, तेव्हा आपल्या आजारपणाने जेम्सचं काय झालं, हे तिला कळत होतं, असं दिसतं. समजून घेण्याचं काम तिने आधीच केलं होतं.

त्यामुळे पुढच्या वेळी असं मीम शेअर करताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही: मी यातला नक्की कोणता भाग आहे? थकवा, राग, स्वतःशी बोललेलं खोटं, की त्याने केलेली कृती? पहिल्या तिन्ही गोष्टी बोलून हलक्या होऊ शकतात, आणि त्या चौथीपर्यंत जाण्याआधीच बोलायला हव्यात.

(आजारपणात कुणाची काळजी घेताना तुम्ही खचून गेला असाल किंवा मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर भारत सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. ही सेवा मराठीतही मिळते.)